बरणीत निवळलेलं पाणी

रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर काचेच्या सहा बरण्या ओळीनं मांडल्या होत्या आणि सहाही बरण्यांत नाल्याचं पाणी होतं. मुलीनं ते पहाटे कॅनमधून आणलं होतं. मी ओट्यापासून चार हात लांब उभी राहून कुरकुरत होते. ती पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते. पहिल्या बरणीत तिनं काहीच घातलं नव्हतं, बाकीच्या पाचांत शेवग्याच्या बियांची पूड होती, प्रत्येकीत आधीच्यापेक्षा थोडी जास्त. मिनिटभर जोरात ढवळलं, मग वीस मिनिटं अगदी सावकाश, आणि नंतर अर्धा तास कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद. अर्ध्या तासानं चौथ्या बरणीतलं पाणी इतकं निवळलं होतं की पलीकडे ठेवलेल्या मिसळणाच्या डब्याचं झाकण स्वच्छ दिसत होतं. तळाला बोटभर राखाडी गाळ होता.

नेमका तेव्हाच माझा दादा आला. त्याची सगळी नोकरी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर गेली. रात्रपाळ्या, अपरात्री पंप बंद पडल्याचे फोन, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चेंबर शोधणं, हे आम्ही घरच्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. त्यानं चौथी बरणी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, झाकण काढून वास घेतला आणि खाली ठेवली.

"दिसतंय छान. वास घेतलास का?"

"घेतला मामा. येतोय थोडा."

"का येतोय, सांग की."

तिथून जे सुरू झालं ते जेवण होईपर्यंत चाललं. ते जमेल तसं इथे मांडते आहे. सोलापुरात हा विषय रोज आपल्या मोरीतून वाहून जातो, आणि त्यावर इतकं मनापासून भांडणारी माणसं मी याआधी ऐकली नव्हती.

"आधी काय झालं ते तर बघा," मुलगी म्हणाली. "मातीचे, मैल्याचे बारीक कण तरंगत राहतात, कारण सगळ्यांवर ऋणभार असतो. सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ते कधी एकत्र येत नाहीत. शेवग्याच्या बीत पाण्यात विरघळणारं एक छोटं प्रथिन असतं आणि त्याच्यावर धनभार असतो. ते कणांना चिकटलं की लोटालोटी थांबते, गुठळ्या होतात आणि जड होऊन बसतात. तुरटीही हेच करते. पण तुरटीनं पाणी आम्लाकडे झुकतं आणि गाळात ॲल्युमिनियम जातं. बीनं यातलं काही होत नाही."

"आम्लाचा मुद्दा सोलापुरात नको सांगूस. काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी आपलं, चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो. तुरटीनं त्यातले क्षार थोडे खाल्ले तरी भरपूर उरतात. कोकणातल्या मऊ पाण्याला तू म्हणतेस ते लागू पडेल. ॲल्युमिनियमचं मात्र मान्य. गाळ शेतात टाकायचा असला तर ते नसलेलं बरं."

ती जरा खुलली. मग तिनं जुना इतिहास काढला. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्यांत पहिली कतक, म्हणजे आपली निवळी. 1970 च्या दशकात सामिया अल अझारिया यान या संशोधिकेनं सुदानात नाइलकाठच्या बायका पुराचं पाणी शेवग्याच्या जातीच्या बियांनी निवळताना पाहिल्या आणि त्या घरगुती रीतीचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. मला आमच्या आजीचा रांजण आठवला. पावसाळ्यात ती निवळीची बी रांजणाच्या आतल्या अंगाला घासायची आणि मग पाणी भरायची. आता ती बी हवी असेल तर काष्ठौषधीच्या दुकानात विचारावं लागतं.

"निवळीचं एक सांगतो," दादा म्हणाला. "शंकराचार्यांच्या 'आत्मबोधा'त हा दृष्टांत आहे. निवळीची पूड पाण्यातला मळ घालवते आणि स्वतःही नाहीशी होते, तसं ज्ञान अज्ञान घालवून स्वतः लय पावतं. दृष्टांत म्हणून फार सुंदर आहे. पण पूड नाहीशी होत नाही पोरी, ती मळ घेऊन तळाला बसते. वरचं पाणी सगळे बघतात. तळाचा गाळ उचलायला कुणीतरी लागतं, आणि ते काम मी केलंय. तू टाकलेलं जंतूंना मारत असेल थोडंफार, पण बहुतेक जंतू त्या गुठळ्यांतच अडकून खाली गेलेत. हा बोटभर राखाडी गाळ आहे ना, त्याच्यात जंतांची अंडीसुद्धा असतील. वाळवल्याशिवाय, कुजवल्याशिवाय तो शेतात नेता येत नाही, मग तुरटीनं बसवलेला असो की शेवग्यानं."

मग तिनं तिचं भक्कम उदाहरण पुढे केलं. आफ्रिकेतल्या मलावी देशात थायोलो इथल्या जलशुद्धीकरण केंद्रावर इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाच्या फोकार्ड आणि सदरलँड यांनी 1989 ते 1994 या काळात प्रत्यक्ष केंद्राच्या आकाराचे प्रयोग केले. नदीचं गढूळ पाणी शेवग्याच्या बीनं तुरटीच्या तोडीनं निवळलं. "म्हणजे बरणीच्या बाहेरही हे चालतं," ती म्हणाली.

"चालतं. पण नदीचं पाणी होतं ना ते? नदीचा गढूळपणा म्हणजे मुख्यतः माती. आपल्या ड्रेनेजमध्ये काय असतं बघ. हजार भागांतला एखादाच भाग घाण, बाकी पाणीच. त्या एका भागातलं बरंच काही विरघळलेलं: लघवी, साबण, भाताची पेज, दूध, साखर. चहात विरघळलेली साखर गाळणीत राहते का? तशी तुझी बी विरघळलेल्या घाणीला धरू शकत नाही. ती घाण जिवाणूंनाच खायला घालावी लागते. टाकीत हवा फुंकत राहायची, जिवाणू जगवायचे, त्यांनी ती खायची. सांडपाणी नुसतं थांबवून ठेवलं तर बीओडी साधारण एक तृतीयांश उतरतो. तुरटी किंवा बी घालून बसवलं तर निम्म्याच्या आसपास. दोनशेचा शंभर. केंद्र सरकारच्या 2017 च्या अधिसूचनेत महानगरं आणि राजधान्या सोडून इतर गावांना लिटरमागे 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि 2019 मध्ये हरित लवादानं 10 करायला सांगितलं. शंभरावरून दहावर कोण नेणार? म्हणून विचारलं, वास का येतोय."

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. घाण जास्त असली की प्राणवायू जास्त लागतो, आणि तो नदीतून ओढला गेला की मासे मरतात. आपल्याकडे ही चाचणी 27 अंशांवर तीन दिवस चालते. ओट्यावर अर्ध्या तासात डोळ्यांना जे दिसतं, त्यात बीओडी कुठेच दिसत नाही. हे दादानं सांगितलं तेव्हा मी पुन्हा चौथ्या बरणीकडे पाहिलं. मघाशी मला ते पाणी जवळजवळ पिण्याजोगं वाटलं होतं.

"आणि एक विचारू? सहाव्या बरणीत सगळ्यात जास्त पूड आहे ना? तिचा वास घे."

तिनं घेतला. सहावीचा वास चौथीपेक्षा उग्र होता. तिला कारण माहीत होतं आणि तिनं ते लपवलं नाही. बी म्हणजे शेवटी अन्नच, तेल आणि प्रथिन. पाणी निवळणारं प्रथिन त्यातला एक अंश, बाकीचं सगळं पाण्यात सेंद्रिय भर घालतं आणि बीओडी चढतो. "म्हणून कच्ची पूड वापरायचीच नाही," ती म्हणाली. "बीत तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त तेल असतं. ते घाण्यावर काढून घ्यायचं, त्याला चांगला भाव आहे. उरलेल्या पेंडीतही पाणी निवळायचा गुण राहतो. ती पेंड मिठाच्या पाण्यात भिजवली की हवं ते प्रथिन सुटून येतं आणि चोथा मागे राहतो. तो अर्क घालायचा."

"हे चांगलं आहे," दादा म्हणाला. तो असं सहसा म्हणत नाही. "आता कागद घे."

त्यानं सांगितलं आणि तिनं मांडलं. 2011 च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या 9,51,558. माणशी रोज 135 लिटर पाणी धरायचं आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं, हा सरकारी ठोकताळा. गुणाकार केला की रोजचे सुमारे 10 कोटी 27 लाख लिटर होतात. शहराची तीन प्रक्रिया केंद्रं, देगाव 75, प्रतापनगर 15 आणि कुमठे 12.5 दशलक्ष लिटर, मिळून 102.5 दशलक्ष. हिशेब जवळजवळ तंतोतंत बसतो. त्यांतलं एकटं देगाव घेऊ.

"चौथ्या बरणीत लिटरला किती घातलंस?"

"शंभर मिलिग्रॅम."

"मग देगावला रोज किती लागेल?"

ती थांबली. साडेसात टन, रोज. वर्षाला 2,700 टनांच्या वर. हेक्टरी एक टन बी धरली तर एका केंद्रासाठी 2,700 हेक्टर शेवगा, तोही शेंगा न तोडता बी पिकेपर्यंत झाडावर ठेवलेला. आपल्या जिल्ह्यात शेवगा चांगला येतो, कमी पाण्यावर येतो, बार्शी-करमाळ्याकडच्या शेतकऱ्याला त्यात चार पैसे मिळतात. पण इतकी बी मैलापाण्यात ओतायची?

"सगळ्या शहराचं पाणी बीनं शुद्ध करा असं मी कुठे म्हणतेय?" तिचा आवाज चढला.

"प्रकल्पाच्या वहीवर काय लिहिलंयस ते वाच."

वहीवर लिहिलं होतं: वनस्पतिज द्रव्यांद्वारे नागरी सांडपाण्याचे शुद्धीकरण.

इथे मला दादाची बाजू घ्यावीशी वाटते. 'नैसर्गिक' हा शब्द वाचला की आपण पुढचे प्रश्न विचारायचं सोडून देतो, हे मी कितीदा पाहिलं आहे. सांडपाण्याच्या टाकीतले जिवाणू शेवग्याइतकेच नैसर्गिक आहेत. त्यांना कुणी फुलं वाहत नाही एवढंच. ब्राझीलमध्ये ब्लॅक वॅटल या बाभळीच्या जातीच्या झाडाच्या सालीतल्या टॅनिनपासून पाणी निवळणारं द्रव्य कारखान्यात बनवतात आणि ते खरोखर वापरात आहे. पण सालीतलं टॅनिन जसंच्या तसं उपयोगी पडत नाही, कारण त्याच्यावरही ऋणभारच असतो. त्याच्यावर फॉर्मल्डिहाइड आणि अमोनियम क्लोराइडची क्रिया करावी लागते, तेव्हा त्याला धनभार येतो. आपल्या माळरानावर बाभळी पुष्कळ आहेत आणि कुणाला हा मार्ग सुचला तर त्यानं तो जरूर तपासावा. फक्त त्या द्रव्याच्या पिंपावर नुसतं झाडाचं चित्र काढून चालणार नाही.

दादानं आणखी एक घाव घातला. संभाजी तलावावर, जुन्या लोकांच्या कंबर तलावावर, जलपर्णी माजते. सिद्धेश्वर तलावाचं पाणी हिरवं पडतं. याला पोसणारं खत सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसचं असतं. तुरटी फॉस्फरसला बांधून खाली नेते. शेवग्याच्या बीला ते फारसं जमत नाही, उलट बीत स्वतःचा फॉस्फरस असतो. "कंबर तलावाच्या काठावर उभं राहून तुला बी आणि तुरटी यांतलं एक निवडायचं झालं," तो म्हणाला, "तर तू तुरटीच निवडशील. मला माहीत आहे, कारण तू प्रामाणिक आहेस."

ती बराच वेळ बोलली नाही. पोळ्या लाटायला माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. दादाही गप्प झाला, आपण फार बोललो असं त्याला वाटलं असावं. मग लाटता लाटताच ती म्हणाली, "मामा, रंगाचं काय?"

"कसल्या रंगाचं?"

"डाईंगचं. चादरी आणि टॉवेलच्या सुताचं. तुमच्या टाकीतले जिवाणू रंग खातात का?"

"नाही खात. खाल्ला तर फार थोडा."

"मग?"

सोलापूरकर वाचकाला हा 'मग' समजावून सांगायला नको. चादरीचा रंग वर्षानुवर्षं धुऊनही जाऊ नये म्हणूनच तो रंग बनवलेला असतो. जो रंग साबणाला आणि उन्हाला दाद देत नाही, तो जिवाणूंनाही दाद देत नाही. सूत रंगवून झाल्यावर उरलेलं लाल-निळं पाणी मैलापाण्यात मिसळलं की लाखो लिटरमध्ये पसरतं आणि मग ते कुणालाच काढता येत नाही. मुलीनं मांडलेला मुद्दा असा: सुती कापडाचे पुष्कळ रंग पाण्यात ऋणभाराचे असतात, शेवग्याचं प्रथिन धनभाराचं आहे, आणि ते रंगाचे रेणू धरून खाली आणतं हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या रंगशाळेचा हौद म्हणजे देगावचं केंद्र नव्हे. तिथे रोजचं पाणी हजारांत मोजायचं. पन्नास हजार लिटरला शंभर मिलिग्रॅमनं पाच किलो पूड लागते. पाच किलोच्या दुप्पट-चौपट लागली तरी ती एका दुचाकीवरून आणता येते.

दादा खुर्ची ओढून सरळ बसला. "रंगाच्या पाण्यात मीठ असतं, ते बीनं जाणार नाही."

"नाही जाणार. ते जातं असं मी वहीत लिहिणार नाही."

"गाळ रंगीत होईल, तो शेतात जाणार नाही."

"नाही जाणार. तो वेगळा ठेवायचा, परवानगी असलेल्या ठिकाणीच द्यायचा. पण थोडा असेल ना मामा, आणि कुठे आहे ते माहीत असेल. आत्ता तो रंग कुठे आहे सांगा."

दादाला ते सांगता आलं नाही. सीना नदी शहराच्या पश्चिमेनं वाहते आणि खाली हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते, जिथे शके 940 चा मराठी शिलालेख आहे. वाटेत नाल्यांवर इंजिन टाकून कडवळ आणि मका भिजवणारी माणसं आहेत. रंग त्यांच्या बांधापर्यंत गेला असेल किंवा नसेल. वेगळा काढला असता तर हा प्रश्नच पडला नसता.

मग दादानंच चिंचोक्याची गोष्ट काढली, आणि त्या दिवशीच्या बोलण्यात मला सगळ्यात जास्त आवडली ती हीच. चिंचोक्याच्या पिठाचाही पाणी निवळायला उपयोग होतो, हे मुलीच्या वहीत होतं. बार्शीच्या बाजारात चिंच येते, चिंचोके मागे उरतात. पण कापडधंद्यात चिंचोक्याचं पीठ फार पूर्वीपासून आहे ते खळ म्हणून. उभ्या धाग्याला खळ लावली की तो मागावर तुटत नाही. टॉवेल विणून झाला की ती खळ धुऊन काढावीच लागते, नाहीतर टॉवेल पाणी शोषणार नाही. धुतलेली खळ गटारात जाते आणि तिथे तिचा बीओडी होतो. "म्हणजे तोच चिंचोका," दादा म्हणाला, "मागावर असला तर खळ, गटारात गेला तर घाण, आणि रंगाच्या हौदात बेतानं घातला तर औषध. तो झाडाचा आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कुठे घालतेस, किती घालतेस आणि नंतर मोजतेस का, त्यावर ठरतं."

मुलगी म्हणाली, "हे मी लिहून घेऊ?"

"घे की."

जेवताना बोलणं शुद्ध केलेलं पाणी कुणाला द्यावं याकडे, म्हणजे वीजकेंद्रांकडे वळलं. 2016 च्या केंद्रीय वीजदर धोरणात असं आहे की सांडपाणी केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीजकेंद्रानं प्रक्रिया केलेलं पाणी वापरावं. नागपूरचं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचं 1,320 मेगावॅटचं केंद्र उभं आहे, आणि इकडे घरात नळ काही दिवसांआड येतो. दादाचं म्हणणं, या पाण्याला गिऱ्हाईक आहे आणि त्याला रोज एकाच प्रतीचं पाणी लागतं, हंगामाप्रमाणे बदलणाऱ्या बियांवर ते सोडता येत नाही. यावर मुलीनं वाद घातला नाही. नागपूरच्या नीरी संस्थेच्या फायटोरिड पद्धतीबद्दल मात्र ती बोलली: कर्दळ, पाणकणीस अशा जिवंत झाडांच्या मुळांतून सांडपाणी सावकाश नेणारी ही पद्धत वसतिगृहाला, सोसायटीला, लहान गावाला बसेल. दादाला ती पटते. जागा असेल तिथे, असं त्यानं जोडलं.

मला जे वाटतं ते स्पष्ट सांगते. सोलापूरच्या मैलापाण्याला शेवगा पुरणार नाही. देगाव, प्रतापनगर आणि कुमठ्याच्या टाक्यांत हवा रात्रंदिवस फुंकली गेली पाहिजे. त्यासाठी वीज, सुटे भाग आणि पाळीवर जागणारी माणसं लागतील, आणि त्यांचा पैसा आधी. पण रंगाचं पाणी ड्रेनेजला मिळण्यापूर्वी, जिथे ते अजून थोडं आहे, तिथे या बियांना जागा आहे असं मला त्या रविवारी पटलं. ती जागा कुणी गंभीरपणे तपासली पाहिजे.

मुलीनं वहीवरचं नाव खोडून नवं लिहिलं: सूत रंगाई उद्योगातील सांडपाण्याच्या पूर्वप्रक्रियेसाठी शेवग्याच्या पेंडीचा अर्क. आणि गढूळपणाच्या रकान्याशेजारी बीओडीचा, रंगाचा आणि गाळाच्या वजनाचा असे तीन रकाने ओढले. ज्या महाविद्यालयांत दरवर्षी असे प्रयोग होतात तिथल्या शिक्षकांना विनंती आहे की हे रकाने सगळ्यांच्या वह्यांत येऊ द्या आणि बरणीत मातीचं पाणी न घेता खरं सांडपाणी घ्या. रंगशाळांच्या मालकांना माझं एवढंच मागणं आहे: आवारातला एक हौद सहा महिने या मुलांना द्या, आणि त्यातलं पाणी आधी कसं होतं, नंतर कसं झालं, याचे आकडे त्यांना मोकळेपणानं छापू द्या.